मोठा ब्रेक बसवायच्या आधी मागची चाकं काय करत्यात ते बघ

भावा, प्रश्न वाचला. दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये म्हणून सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बस.

तू लिहिलंयस की गाडी २००६ ची एक टनी पिकअप, पुढं डिस्क मागं ड्रम, आठवड्यातून तीनदा मार्केट यार्डातून गूळ आणि भाजी भरून गगनबावड्यावरनं खाली वैभववाडीला जातोस, करूळ घाट अर्धा उतरला की जळका वास येतो आणि पेडल हळूहळू खाली जायला लागतं, खाली जाऊन अर्धा तास थांबलं की परत सगळं ठीक. आणि तुझा मिस्त्री म्हणतोय की मागं पण डिस्क टाकू, मोठा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) टाकू, ब्रेक एकदम नादखुळा करून देतो. आणि शेवटी अगदी सहज लिहिलंस की मागच्या दिवाळीत माल जास्त बसावा म्हणून मागच्या कमानीत (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांत) दोन-दोन पाटे वाढवून घेतलेत.

बाकी सगळं राहू दे, मला ती शेवटची ओळच महत्त्वाची वाटली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सव्वीस वर्षं ब्रेकचीच कामं करतोय, त्यात निम्म्याच्या वर पिकअप आणि छोटे टेम्पो. त्या अनुभवावरनं आधीच सांगून टाकतो, मागं डिस्क नको, आणि बूस्टर मोठा केला तरी तुझं घाटातलं दुखणं जाणार नाही. तुझ्या गाडीचा मागचा ब्रेक बहुतेक नीट लागतच नाहीये आणि पुढची दोन चाकं एकटी अडीच टन अडवत बसलीत. हे खरं का खोटं ते खर्च करायच्या आधी एका फेरीत कळतं.

कसं ते सांगतो. नेहमीचा माल भरून घाट उतर आणि खाली सपाटीला आल्यावर गाडी बाजूला घे, टेंपरेचर गन कुणाची तरी मागून घे, हल्ली ती बऱ्याच गॅरेजात असते, आणि चारी चाकांचं तापमान बघ. पुढं डिस्कवर, मागं ड्रमच्या बाहेरच्या अंगावर. पुढचं मागच्यापेक्षा जास्त असणारच, ब्रेक मारला की वजन पुढं येतं आणि पुढचे ब्रेक जास्त काम करतात, त्यात काय वावगं नाही. पण पुढची डिस्क भट्टीसारखी आणि मागचा ड्रम हात ठेवण्याइतका कोमट असला तर मागचं चाक फुकटचं फिरतंय. उजवं-डावं यात मोठा फरक आला तर त्या बाजूचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा) नाहीतर व्हील सिलिंडर (ड्रममध्ये शू ढकलणारा) जाम. गन नसली तर तळहात चार बोटं लांब धरून धग बघ, चिकटवू नको, कातडी निघते. आणि गरम चाकावर बादलीनं पाणी ओतायची जी पद्धत आहे ना आपल्याकडं, ती बंद कर. तापलेल्या बीडावर गार पाणी पडलं की ड्रमला तडा जातो, डिस्क वाकडी होते, मग पेडल थरथरतं आणि लोक म्हणत्यात पार्ट डुप्लिकेट निघाला.

आता पाट्यांचं. तुझ्या गाडीखाली मागच्या एक्सलच्या जरा पुढं चेसिसला एक व्हॉल्व्ह बसवलेला असणार, त्यातनं एक रॉड किंवा स्प्रिंग निघून एक्सलला जोडलेली असते. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, आपल्याकडं नुसतं लोड व्हॉल्व्ह म्हणत्यात. गाडी रिकामी असली की चेसिस वर असते, मग तो मागच्या ब्रेकचं प्रेशर तोडतो, कारण रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो आणि पूर्ण ब्रेक दिला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी जाते. माल भरला की चेसिस खाली बसते, रॉड हलतो, व्हॉल्व्ह मागं जास्त प्रेशर सोडतो. म्हणजे त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर कळतं. तू पाटे वाढवलेस, गाडी माल भरून पण बसत नाही, म्हणजे व्हॉल्व्हच्या हिशोबानं तुझी गाडी कायम रिकामीच आहे, आणि तो इमानदारीत मागचा ब्रेक तोडत बसलाय. दोन-दोन पाटे वाढवणारा माणूस गाडी उचलून देतो आणि पैसे घेतो, व्हॉल्व्हकडं बघत पण नाही, कारण ते काम ब्रेकवाल्याचं. आणि ब्रेकवाल्याकडं गाडी जाते ती पुढचे पॅड संपल्यावर, तो पॅड टाकून देतो. तुझे पुढचे पॅड किती महिन्यात संपत्यात ते लिहिलं नाहीस, पण पूर्वीपेक्षा लवकर जात असणार, पैज लावतो.

काही ड्रायव्हर यावर उपाय म्हणून तो रॉड तारेनं वर बांधून टाकतात, म्हणजे मागं कायम पूर्ण प्रेशर. भरल्या गाडीला भारी वाटतं. मग परतीला रिकामी गाडी, पावसाळा, वळणावर समोर म्हैस येते. पुढचं सांगायला नको. बांधायचं नाही, सेट करायचं. पाटे ठेवायचेच असतील तर रॉडचा ब्रॅकेट नवीन उंचीला ॲडजस्ट करून घे, आणि खरं म्हणजे पुढच्या आणि मागच्या लाईनला प्रेशर गेज लावून रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा रीडिंग घेऊन सेट करणारा माणूस शोध. अंदाजानं करणारे खूप आहेत. आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो व्हॉल्व्ह आतून गंजून एका जागी जाम झालेला असतो, मग रॉड कितीही हलवला तरी फरक नाही, तो बदलावाच लागतो. माझं मत विचारशील तर पाटे काढून कंपनीच्या कमानीवर ये, पण ते तुला पटणार नाही हे पण मला माहीत आहे.

आता घाटात नक्की काय होतं ते बघू, कारण हे समजलं की कुठला पार्ट बदलायचा ते आपोआप कळतं. ब्रेकचं काम एकच, गाडीची ताकद उष्णतेत घालवायची. गाडी दीड टन आणि माल एक टन धर, अडीच टन. ८० च्या स्पीडवरनं एकदा पूर्ण थांबवायला जेवढी उष्णता होते, त्याच्या साधारण चौपट उष्णता ही गाडी फक्त १०० मीटर उंची उतरताना होते, म्हणजे स्पीड न वाढवता नुसतं धरून ठेवायला. घाटात तू शंभर मीटरवर थांबत नाहीस, तसे शंभर-शंभर मीटर एकामागोमाग उतरत जातोस. त्यातली काही वाऱ्यानं आणि टायरनं खाल्ली जाते, काही इंजिननं, जर तू गिअरमध्ये असशील तर. न्यूट्रल टाकून उतरणाऱ्याची सगळी ब्रेकवर. आणि दीड टन माल भरलास तर हिशोब तूच वाढव, मी काय तुझा काटा करायला आलो नाही.

एवढी उष्णता झाली की दोनपैकी एक गोष्ट होते आणि दोन्ही वेगवेगळ्या आहेत. एक, पॅड आणि लायनरची (ड्रममधल्या शूवरच्या घासणाऱ्या थराची) पकड जाते. यात पेडल टणकच राहतं, पाय दाबून दाबून दुखतो पण गाडी थांबत नाही. दोन, ब्रेक ऑईल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. गार झालं की वाफ परत ऑईल होते आणि पेडल जागेवर येतं, आणि मग गॅरेजात कुणालाच काही सापडत नाही. तुझं वर्णन वाचून मला दोन्ही दिसतंय, वास म्हणजे पॅड आणि खाली जाणारं पेडल म्हणजे ऑईल.

म्हणून पहिला अपग्रेड कुठला म्हणशील तर ब्रेक ऑईल. हसू नको. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, झाकण बंद असलं तरी रबरी होजमधनं थोडं थोडं ओढतच राहतं. डॉट ३ चा नवीन असतानाचा उकळबिंदू कमीत कमी २०५ अंश, पाणी शोषलं की १४० वर येतो. डॉट ४ चा नवीन २३०, आणि पाणी शोषल्यावर १५५. तुझ्या गाडीतलं ऑईल शेवटचं कधी पूर्ण बदललं? पूर्ण म्हणतोय मी, वरनं टॉप अप नाही. बहुतेक गाड्यांचं उत्तर "आठवत नाही" असंच येतं. सगळं काढून डॉट ४ भर, सीलबंद डब्यातलं, शेल्फवर सहा महिने उघडी पडलेली बाटली नको, आणि मग दर दोन वर्षांनी बदल. गगनबावड्याच्या पावसात आणि कोकणच्या दमटात गाडी फिरते तर दरवर्षी केलंस तरी पैसे वाया जात नाहीत. डॉट ५ म्हणून एक येतं ते सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ५.१ वेगळं, ते चालतं.

ऑईल बदलल्यावर लाईनीतली हवा, म्हणजे एअर, काढताना एक गोष्ट बघ. गाडी चेसिसला जॅक लावून उचलली की मागचा एक्सल खाली लोंबतो, मग तो लोड व्हॉल्व्ह समजतो गाडी एकदम रिकामी आणि मागची लाईन आवळून धरतो, मागची एअर नीट निघतच नाही. जॅक एक्सलखाली लाव, किंवा गाडी जमिनीवर उभी असतानाच एअर काढ. व्हॉल्व्हला स्वतःचा निप्पल असला तर तो पण सोडायचा. मास्टर सिलिंडरपासून (पेडलनं ऑईल दाबणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्या गाड्यांना सहसा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

आणि जर कुणी ब्रेक ऑईलच्या डब्यात चुकून इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंग ऑईल ओतलं असेल, किंवा मास्टर सिलिंडरचे पार्ट डिझेलमध्ये धुतले असतील, तर सगळ्या रबरी वॉशर फुगून बसतात आणि मग नुसतं ऑईल बदलून भागत नाही, मास्टरपासून चाकापर्यंत सगळी किट आणि होज टाकावी लागतात. डिझेलमध्ये धुणारे अजून आहेत. मी पण शिकाऊ असताना धूत होतो, उस्तादानं कानाखाली वाजवली तेव्हा सुटलं.

मागचे ड्रम उघडायला लाव. नुसतं चाक काढून बघणं नाही, ड्रम काढ. ॲडजस्टर जाम असतो, ऑटो ॲडजस्टरवाल्या गाड्यांत तर शंभर टक्के जाम, मग लायनर झिजत जातो आणि शू ड्रमपर्यंत पोचायला निम्मं पेडल खर्च होतं. एक्सलचं ऑईल सील गळत असेल तर लायनर तेलानं भिजलेला असतो. असा लायनर पेट्रोलनं धुऊन, गॅसवर तापवून परत बसवतात, ते करू देऊ नको, आत मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं. सील बदल आणि लायनर नवीन टाक. ड्रममध्ये खाच पडली असेल तर लेथवर टर्न करून मिळतो, आपल्या कोल्हापुरात लेथला काय तोटा नाही, पण ड्रमच्या अंगावर जास्तीत जास्त डाया कोरलेला असतो त्याच्या पुढं गेला की ड्रम भंगारात. अन् मोठा झालेल्या ड्रममध्ये नवीन लायनर बसवला की तो फक्त मधे टेकतो, दोन्ही टोकं हवेत, म्हणून लायनरवाल्याकडं शू आणि ड्रम दोन्ही न्यायचे आणि लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यायचा. रिव्हेट मधनं सुरू करून टोकाकडं मारलेत का बघ, उलटं मारलं की मधे पोकळी राहते. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू देऊ नको, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, छातीत गेलं की जातच नाही. पाणी मारून पुसायचं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांनी तर हे केलंच पाहिजे. त्या पुरांनंतर माझ्याकडं ज्या गाड्या आल्या त्यातल्या कितीतरी गाड्या वरनं धुऊन पुसून चकाचक, आणि ड्रम उघडला की आत पंचगंगेचा गाळ.

पुढं कॅलिपरच्या स्लायडिंग पिना काढून साफ करून हाय टेंपरेचर ग्रीस लावून बसवायच्या, एकाच बाजूचा पॅड जास्त झिजला असेल तर पिन जाम होती समज. रबरी होज पंधरा-वीस वर्षांचे असतील तर सगळेच्या सगळे बदल, वरनं चांगले दिसत्यात पण आतनं फुगून भोक बारीक झालेलं असतं, दाबलं की ऑईल जातं आणि सोडलं की परत येत नाही, चाक घासत राहतं आणि तापतं. तुझं पुढचं एक चाक जास्त तापत असेल तर हे आधी बघ.

व्हॅक्यूमची तपासणी तू घरीच करू शकतोस. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मार, टणक होईल. मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मार. इंजिन चालू झालं की पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर बूस्टर, नळी, नाहीतर व्हॅक्यूम पंप गेलाय. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा पंप असतो, आपल्या बऱ्याच गाड्यांत तो डायनामोच्या मागंच. त्याची पाती झिजली की व्हॅक्यूम कमी पडतो. गेज लावून पाऱ्याच्या साधारण ६०० मिलिमीटरच्या आसपास आलं पाहिजे, चारशेवर अडकला असेल तर पंप बदल, आणि तेवढ्यानंच ब्रेक नवा झाल्यासारखा वाटेल. दुसरी टेस्ट, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांब आणि मग पेडल मार, पहिलं-दुसरं पेडल मऊ लागलं पाहिजे. पहिलंच टणक लागलं तर बूस्टरमधला व्हॅक्यूम अडवून ठेवणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही.

डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना यावरनं कळेल की दोन-तीन पेडलनंतर पायात दगड का येतो.

हे सगळं झाल्यावर परत घाट उतरून चाकांचं तापमान बघ. माझ्या अंदाजानं दहातल्या सात गाड्यांचं इथंच भागतं. पण समज नाही भागलं, किंवा तुला आणखी चांगला ब्रेक पाहिजेच आहे, तर आता खऱ्या अपग्रेडचं बोलू.

आधी एक बघ. मोकळ्या मैदानात, कोरड्या रस्त्यावर, माल भरलेला असताना ४० च्या स्पीडला जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होत्यात का? होत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, त्याच्या पुढं टायरची पकड आहे, मोठा बूस्टर टाकून चाक लवकर लॉक होईल, गाडी लवकर थांबणार नाही. अशा गाडीला गरज असते उष्णता झेलण्याची. म्हणजे पुढं जाड व्हेंटिलेटेड डिस्क (मधे वारा जायला पोकळी असलेली) आणि चांगला पॅड. तुझ्या गाडीची सॉलिड डिस्क असेल आणि त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातल्या पुढच्या मॉडेलला व्हेंटिलेटेड डिस्क आणि मोठा कॅलिपर आला असेल, तर तो सेट बसतो का ते बघ. सेट म्हणजे डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, हब, होज, लागला तर नकलसुद्धा (ज्यावर पुढचं चाक वळतं तो ओतीव भाग), सगळं एकाच गाडीचं. रिम आत घासत नाही ना ते आधी सुकं बसवून बघायचं, कारण मोठा कॅलिपर जुन्या रिममध्ये मावत नाही असं शेवटच्या दिवशी कळतं. डिस्कवर किमान जाडी लिहिलेली असते, स्क्रॅपमधनं आणलीस तर मापून घे. पॅड आणि सील मात्र नवीनच.

आपल्या उद्यमनगरात माणूस सोडून सगळं बनवून मिळतं, त्यामुळं कुणीतरी नक्की म्हणणार की कशाला शोधत बसतोस, प्लेट कापून ब्रॅकेट करून देतो, नकलला वेल्डिंग मारतो. ते नको. गॅसकटरनं कापलेली प्लेट आणि ओतीव नकलवर वेल्डिंग, हे गिअरच्या दांड्यासाठी ठीक आहे, घाटात अडीच टन धरण्यासाठी नाही. माझी मशीनवाली मित्रमंडळी वाचून चिडतील, चिडू द्या.

ज्यांच्याकडं याहून जुनी, चारी चाकांना ड्रमवाली आणि बूस्टर नसलेली गाडी आहे त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना पुढं डिस्क टाकायला माझा पाठिंबा आहे. पण ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच ड्रमवर ओढला जातो, म्हणजे ड्रम स्वतःला मदत करतो. डिस्कला ती मदत नाही. म्हणून बूस्टरशिवाय डिस्क टाकली की पेडल दगड, आणि मालक म्हणतो पैसे घालवून ब्रेक कमी झाला. बूस्टर आणि टँडम मास्टर सिलिंडर सोबतच घ्यायचा. टँडम म्हणजे पुढची आणि मागची लाईन वेगळी, एक फुटली तरी दुसरी राहते. आणखी एक बारीक गोष्ट, ड्रमवाल्या मास्टरमध्ये लाईनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तोच मास्टर डिस्कला जोडला की पॅड कायम घासत राहतात आणि डिस्क घाट न उतरताच लाल होते.

मास्टरचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप. इथं लोक लई चुकतात. "मोठा मास्टर म्हणजे जास्त ब्रेक" असं वाटतं, पण उलटं आहे. सात सुताचा (७/८ इंची) मास्टर काढून एक इंची टाकलास तर क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं, म्हणजे पायाच्या त्याच जोराला लाईनीतलं प्रेशर जवळपास पाव भागानं कमी होतं. पेडल छोटं आणि टणक लागतं, माणसाला वाटतं भारी झालं, गाडी मात्र उशिरा थांबते. कॅलिपर मोठा केला तर त्याला ऑईल जास्त लागतं म्हणून मास्टर वाढवावा लागतो, पण मग बूस्टर पण त्या जोडीचा पाहिजे. आठ इंची बूस्टरच्या जागी नऊ इंची टाकला तर मदत पाव भागाच्या वर वाढते. एक वाढवलं की दुसरं जुळवत जावं लागतं, म्हणून मी म्हणतोय सगळा सेट एकाच गाडीचा घे, कंपनीच्या लोकांनी ते गणित आधीच सोडवलेलं असतं.

मागच्या चाकाला मोठा व्हील सिलिंडर टाकायचा मोह होईल, स्वस्त आहे आणि बसतो पण. मी केलंय. २००३-०४ ची गोष्ट, एका दूधवाल्याची गाडी, भरल्यावर ब्रेक कमी म्हणून आला, मी मागं एका नंबरानं मोठे सिलिंडर टाकून दिले. तो खूश, मी खूश. पंधरा दिवसांनी पहाटे रिकामे कॅन घेऊन येताना वाघबीळच्या उतारावर, भुरभुर पाऊस, समोर एसटी थांबली म्हणून ब्रेक मारला आणि मागची चाकं लॉक होऊन गाडी गर्रकन फिरली, तोंड परत पन्हाळ्याकडं. कुणाला लागलं नाही. कॅन मात्र रस्ताभर. तेव्हापासून मी भरल्या गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीवर पण तपासल्याशिवाय गाडी सोडत नाही. मागं डिस्क नको म्हणतो त्याचं एक कारण हेच, रिकामी-भरलेली यातला फरक पिकअपला एवढा असतो की मागचं सगळं वाटप नव्यानं बसवावं लागतं. दुसरं कारण हँडब्रेक. भरलेली गाडी चढावर ड्रमचा हँडब्रेक जसा धरतो तसा जुगाडी कॅलिपरचा धरत नाही.

पाईप बदलायची वेळ आली तर तांब्याची नळी टाकू देऊ नको. ती हातानं वाकते म्हणून मिस्त्री लोकांना आवडते, पण चेसिसच्या थरथरीनं कडक होऊन चिरते. स्टीलचा बंडी पाईप, टोकाला डबल फ्लेअर (दुहेरी दुमडलेली कड), जुन्या मापाचेच नट. आणि मोठे टायर टाकलेले असतील तर त्यानं पण ब्रेक कमी होतो, टायर जेवढा उंच तेवढा ब्रेकला लांबचा दांडा फिरवावा लागतो.

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि तुझी गाडी आठ वर्षांच्या वरची मालवाहू म्हणजे दरवर्षी फिटनेसला उभी राहणार. त्याच घराण्यातले कंपनीचे पार्ट नीट बसवलेले असतील तर बोलायला जागा असते, वेल्डिंगच्या ब्रॅकेटला नसते. मोठं काही करणार असशील तर आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडं विचारून घे, बिलं फाईलला लाव.

काम झाल्यावर लगेच घाटात जाऊ नको. नवीन पॅड-लायनर बसायला लागतात. मोकळ्या रस्त्याला ६० वरनं २० पर्यंत हळू दाबत आण, पूर्ण थांबवू नको, मधे गार होऊ दे, असं दहा-पंधरा वेळा. पहिले दोनशे किलोमीटर माल कमी भर. आणि घाटात ज्या गिअरला चढतोस त्याच गिअरला उतर, जुने ट्रकवाले सांगायचे ते खरंच आहे. पेडलवर पाय घासत ठेवायचा नाही, स्पीड वाढला की जोरात दाबून कमी कर आणि पूर्ण सोड, म्हणजे मधे चाकाला वारा मिळतो. मधे करूळ बंद होता तेव्हा तू भुईबावड्यातनं गेला असशील, तिथं वळणं अरुंद म्हणून स्पीड आपोआपच कमी राहतो. त्या फेऱ्यांत वास कमी यायचा का ते आठवून बघ, त्यावरनं पण कळेल की दोष किती ब्रेकचा आणि किती पायाचा.

मिस्त्रीला पैसे देऊ नकोस अजून. आधी तापमानाची फेरी मार, चारी चाकांचे आकडे आणि मागच्या रॉडचा फोटो पाठव. आणि माझ्याकडं आणणार असशील तर गाडी धुऊन रिकामी करून आणू नको, माल भरून तशीच आण.